काकांच्या देव्हाऱ्यातला दगड: काटोलचा अशनी की आपला काळा कातळ?

खुरपी

राम राम मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात. संत्र्याची बाग, थोडा कापूस. २२ मे २०१२ ला दुपारी दोन वाजून गेल्यावर तिथे आभाळातून प्रचंड आवाज झाला आणि दगड पडले, हे काहींना आठवत असेल. मी तेव्हा पुण्यात, काका मात्र तिथेच. नंतर आठवड्याभराने बागेत चक्कर मारताना त्यांना धुऱ्याजवळ एक काळा, गुळगुळीत, मुठीएवढा दगड सापडला. "हा आधी इथे नव्हता" असं त्यांचं ठाम म्हणणं. काकूने त्याला शेंदूर लावून देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून तो तिथेच आहे, अक्षयतृतीयेला त्याला पुरणाचा नैवेद्य असतो.

परवा गावी आलोय. माझी लेक (आठवी) म्हणाली, "बाबा, हा खरंच अवकाशातून आलाय का?" मला उत्तर देता येईना. तर प्रश्न दोन. काटोलला जे पडलं ते नेमकं कशाचं बनलेलं होतं? आणि घरच्या घरी, काकांना न दुखवता, आमचा दगड त्यातलाच आहे का ते कसं ओळखायचं?

तिरकस तात्या

शेंदूर लागला की दगडाचं वर्गीकरण पूर्ण झालं. धागा बंद करा.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, काटोलचं नाव काढलं अन् मले राहवलं नाही. मी त्या दिवशी काटोलातच होतो, मावशीकडे. जेवण करून कूलरसमोर आडवा झालो होतो. एकदम धडाड्! मग गडगड गडगड, जसा कोनी पत्र्यावरून ड्रम लोटते. मावशी म्हने ट्रान्सफॉर्मर उडाला. बाहेर येऊन पाहतो तं लाइट चालू, आभाळ निरभ्र. मे महिन्यातल्या भर दुपारी ढग नाही न् काही नाही, मंग गडगडलं काय?

दुसऱ्या दिवसापासून गावातले पोट्टे शाळेला सुट्ट्या म्हनून बागाईतून दगड हुडकत. जो तो एक काळा दगड घेऊन हिंडे. आता काटोलात काळा दगड शोधनं म्हनजे समुद्रात पानी शोधनं.

भूगर्भीय

सरकारी नोकरीत तीस वर्षं दगड फोडले, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी शब्द. आकाशात दिसते ती उल्का, जमिनीवर हाती लागतो तो अशनी. काटोलला अशनीच पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे लोक लगेच पोचले आणि तुकडे गोळा झाले. हे महत्त्वाचं. पाऊस लागायच्या आत उचललेला अशनी आणि चार पावसाळे खाल्लेला अशनी यांत ताज्या आणि शिळ्या भाकरीइतका फरक असतो.

काटोलचा वर्ग 'एल ६ कॉन्ड्राइट'. पडताना पाहिलेल्या दर शंभर अशनींतले नव्वदहून जास्त दगडी असतात आणि त्यातले बहुतेक 'साधारण कॉन्ड्राइट'. म्हणजे काटोलवाला जातीने सामान्य घरातला. 'एल' म्हणजे त्यात एकूण लोखंड कमी, वीस ते पंचवीस टक्के. त्यातलं धातूच्या रूपात असलेलं साधारण सात-आठ टक्के, निकेल मिसळलेलं. बाकीचं लोखंड खनिजांत अडकलेलं. 'एच' गटात धातू याच्या दुपटीच्या आसपास असतो.

खनिजं म्हणाल तर ऑलिव्हिन सगळ्यात जास्त, मग पायरॉक्सिन, थोडा फेल्डस्पार, लोह आणि गंधकाचं ट्रॉयलाइट, चिमूटभर क्रोमाइट. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही असतात. पण निकेलयुक्त लोखंडाचे चमकते कण आपल्या कातळात मिळणार नाहीत. पृथ्वीवरचं असं लोखंड फार पूर्वीच खाली गाभ्यात जाऊन बसलं.

अळूवडी

कॉन्ड्राइट म्हणजे काय पण? आणि त्या ६ चा अर्थ? आठवीतल्या मुलीला कळेल असं सांगा, म्हणजे मलाही कळेल.

भूगर्भीय

@अळूवडी, साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर आणा.

सूर्यमाला बनत होती तेव्हा, म्हणजे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, अवकाशातल्या धुळीचे गोळे वितळून त्यांचे मिलिमीटरभर आकाराचे थेंब झाले आणि थिजले. हे थेंब म्हणजे कॉन्ड्रूल, आपला साबुदाणा. ते धूळ आणि धातूच्या कणांसोबत एकत्र आले आणि त्यांचे लघुग्रह झाले. असे थेंब ज्या दगडात असतात तो कॉन्ड्राइट.

आता आकडा. ३ म्हणजे खिचडी मोकळी, दाणा न दाणा वेगळा. लघुग्रहाच्या पोटात उष्णता वाढत गेली तसे दाणे एकमेकांत मुरत गेले. ६ म्हणजे झाकण ठेवून विसरलात आणि गोळा झाला. साबुदाणा आहे हे माहीत असतं, पण दाणा कुठे संपतो ते दिसत नाही. काटोलची खिचडी गोळा झालेली. गुजरातेत धजाला इथे २८ जानेवारी १९७६ च्या रात्री पडलेला अशनी याच्या उलट टोकाचा, ३.८. त्यात कॉन्ड्रूल छान दिसतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने त्यावर पुष्कळ काम केलं.

अळूवडी

आता चतुर्थीला माझ्या खिचडीला घरचे 'एल ६' म्हणणार. धन्यवाद हं.

शिकागोचा शंकऱ्या

आमच्याकडचा किस्सा. २६ मार्च २००३, रात्री बाराच्या सुमारास शिकागोच्या दक्षिणेला पार्क फॉरेस्ट उपनगरावर दगडांचा वर्षाव झाला. घरांची छपरं फुटली. तोही एल गटाचाच, एल ५. मी तेव्हा नवीन आलेलो, तिथून तासाभरावर राहायचो. ऑफिसातले लोक शनिवारी गाड्या काढून दगड शोधायला गेले. मी गेलो नाही, कारण बायको म्हणाली भाजी संपलीय. आजही वाद झाला की मी तो दगड काढतो, म्हणजे जो मिळाला नाही तो.

खुरपी

मंडळी, मोठी बातमी! काका दुपारी झोपले असताना लेकीने फ्रिजवरचं लोहचुंबक दोरीला बांधून दगडाजवळ नेलं. ते दगडाकडे ओढलं जातंय! जोरात नाही, पण नक्की ओढलं जातंय. लेक नाचतेय. म्हणजे अशनीच ना?

वऱ्हाडी ठेचा

अभिनंदन भाऊ! पार्टी काटोललेच द्या.

गारगोटी

थांबा थांबा. अशनीला चुंबक लावू नका. चुंबकाच्या बाबतीत सगळे हेच करतात आणि हेच चुकतं. काही अशनींमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण शिल्लक असते. हातातलं जोरदार चुंबक टेकवलं की पाटी पुसल्यासारखी ती पुसली जाते. सहाराच्या वाळवंटात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका प्रसिद्ध दगडाचे कितीतरी तुकडे विकणाऱ्यांनी आणि संग्राहकांनी असेच पुसून टाकलेत. त्यापेक्षा दगड होकायंत्राजवळ न्या आणि सुई हलते का पाहा.

भूगर्भीय

गारगोटी बरोबर बोलतायत. आणि खुरपी, वाईट वाटून घेऊ नका, पण चुंबकाने आपल्या भागात काहीच सिद्ध होत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं खनिज असतं. आमच्या नोकरीत दरवर्षी लोक 'अशनी' घेऊन यायचे. बहुतेकांचे चुंबकाला चिकटायचे आणि बहुतेक बेसॉल्ट असायचे. काही भट्टीतली मळी, एकदा तर जुन्या जात्याचा तुकडा.

या गोष्टी बघा:

साल. ताज्या दगडी अशनीला बाहेरून काळी, पातळ, करपल्यासारखी साल असते, मिलिमीटरहून कमी. हवेतून येताना वरचा थर वितळून उडून जातो, शेवटचा थर तसाच थिजतो. कुठे कपचा उडाला असेल तर आतला रंग बाहेरच्याहून पुष्कळ फिका, राखाडी दिसतो. बेसॉल्ट फोडला तर आत-बाहेर काळाच.

भोकं. दगडी अशनीत बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात. भोकं म्हणजे लाव्हा किंवा मळी.

वजन. अशनी हातात घेतला की 'अरे, जड आहे' असं वाटतं. एल गटाचा दगड पाण्याच्या सव्वातीन ते साडेतीन पट जड. आपला बेसॉल्ट साधारण २.९ पट.

तिरकस तात्या

जात्याचा तुकडा घेऊन आलेल्याला काय सांगितलंत? 'ताऱ्यावर दळण दळत होते' म्हणून?

भूगर्भीय

चहा पाजला.

सुमनमावशी

मला एक कळत नाही. दगड त्यांच्या घरात सुखाने आहे. तुम्ही त्याला फोडणार, वजन करणार, पाण्यात बुडवणार. काकांनी काय विचारलंय का कुणाला? मुलीला सांगा, आजीआजोबांना तो आकाशातून आलाय असं वाटतं. तेवढं पुरे आहे.

गारगोटी

मावशी, आदर ठेवून असहमत. प्रत्येक अशनी देव्हाऱ्यात गेला असता तर शेरघाटीचा दगड मंगळावरचा आहे हे कधी कळलंच नसतं. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीला तो पडला. पुढे शंभराहून जास्त वर्षांनी, तशाच जातीच्या अंटार्क्टिकातल्या एका दगडात अडकलेला वायू मंगळाच्या हवेशी जुळला. आज त्या गटाला 'शेरगोटाइट' म्हणतात. बिहारच्या गावाचं नाव मंगळाच्या दगडांना!

आणि शास्त्र राहू द्या. तेल, शेंदूर, पाणी यांनी आतलं लोखंड गंजतं. जपण्यासाठी म्हणून जे करतो त्यानेच तो खराब होतो.

सुमनमावशी

गंजू दे. आमच्याकडचा शंकराचा बाण पण झिजलाय अभिषेकाने. आहे तसा आहे.

निळी शाई

मधेच तोंड घालते. 'अशनी' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार दिलेत: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. अशनि मोठा आवाज करत चक्रासारखी फिरत येते आणि माणसं, हत्ती, घोडे, घरं, झाडं यांच्यावर पडून जमीन फाडते, असं वर्णन आहे. वऱ्हाडी ठेचांच्या पत्र्यावरच्या ड्रमशी बरंच जुळतं.

त्या मानाने युरोपातले पंडित अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत 'आकाशात दगड नाहीत, तर पडतील कुठून' म्हणत होते. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या लेग्लला हजारो दगड पडले आणि ब्यो नावाच्या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, तेव्हा कुठे त्यांना पटलं. शेतकऱ्यांचं ऐकलं म्हणून पटलं, हे काकांना सांगा.

तिरकस तात्या

म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. आता विमानं येतील.

निळी शाई

तात्या, मी फक्त वर्णन सांगितलं. विमान तुम्हीच आणलंत.

बल्लारशाह एक्सप्रेस

आकाशातून पडतं ते सगळं अशनी नसतं बरं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही गच्चीवर होतो. आभाळात आगीची रांग सरकताना दिसली, अख्ख्या विदर्भाने पाहिली. व्हॉट्सअॅपवर लगेच 'उल्कापात, घराबाहेर पडू नका'. रात्री कळलं, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. नंतर आसपास गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. ओळखायची खूण सोपी: उल्का दोन-चार सेकंदांत संपते, हे प्रकरण आरामात मिरवणुकीसारखं चाललं होतं.

घाटमाथा

आणि खुरपीभाऊ, दगड अशनी निघाला तर गावात बोलू नका. 'तांदूळ खेचणारं चमत्कारी भांडं' दाखवून फसवणारे वास काढत येतात. 'यात इरिडियम आहे, परदेशात कोटीला जातं, आधी तपासणीचे दोन लाख भरा.' आमच्या चुलत्यांनी भरले. भांडं अजून आहे, तांदूळ आम्हीच खेचतो, रेशनच्या दुकानातून.

वऱ्हाडी ठेचा

😂😂 लोणार कोनीच कसं नाही काढलं अजून?

भूगर्भीय

तुम्ही काढलंत ना! लोणारचं विवर १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्ये झालेलं. म्हणूनच मंगळ आणि चंद्राचा अभ्यास करणारे तिथे येतात. पण आदळणाऱ्याचा तुकडा तिथे हाती लागलेला नाही. एवढ्या मोठ्या आघातात आदळणारा बहुतांशी वाफ होऊन जातो. छोटे सावकाश पडतात आणि टिकतात. काटोलचे तुकडे शेवटचे काही किलोमीटर आपल्या वजनाने, झाडावरून संत्रं पडावं तसे पडले. त्यामुळे 'पेटता दगड पडला, गवत जळलं' या कथांवर विश्वास ठेवू नका. पडतो तेव्हा तो कोमट किंवा गारच असतो.

रसायनी

सगळे सालीत आणि चुंबकात अडकलेत, काटोलची खरी गंमत कुणीच सांगितली नाही.

पृथ्वीच्या पोटात, ६६० किलोमीटरच्या खाली, एक खनिज ठासून भरलेलं आहे: ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग तेच. म्हणजे या ग्रहावर सगळ्यात जास्त असलेलं खनिज. आणि ते कुणी हातात धरलेलं नाही, कारण तिथला दाब सुटला की ते मोडतं. नैसर्गिक नमुना मिळाल्याशिवाय खनिजाला नाव देता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेलं हे खनिज कित्येक दशकं बिननावाचं फिरत होतं. शेवटी २०१४ मध्ये नाव मिळालं, तेही ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये पडलेल्या टेनहॅम अशनीत नमुना सापडल्यावर.

आता काटोल. अवकाशात दोन लघुग्रह आदळले की क्षणभर प्रचंड दाब आणि उष्णता तयार होते, दगडात केसाएवढ्या बारीक वितळलेल्या शिरा होतात आणि लगेच थिजतात. काटोलच्या अशा शिरांमध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रिजमनाइट सापडलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दाब २३ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पट. विशेष म्हणजे त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियमचं प्रमाण पृथ्वीच्या पोटात अपेक्षित आहे त्याच्या जवळ जाणारं. संत्र्याच्या बागेत पडलेल्या दगडातून आपल्याच पायाखालच्या हजार किलोमीटरचा नमुना मिळाला!

अळूवडी

अंगावर काटा आला. ही टक्कर कधीची?

रसायनी

काटोलपुरतं छातीठोक सांगत नाही. पण एल गटाच्या खूप दगडांवर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीची खूण आहे. त्यांचा मूळ लघुग्रह तेव्हा फुटला. स्वीडनमध्ये चुनखडीच्या एका खाणीत त्याच काळातले अश्मीभूत अशनी सापडलेत, फरश्या कापताना. आधी खाणवाले ते तुकडे डाग म्हणून फेकून द्यायचे.

तिरकस तात्या

४७ कोटी वर्षं झाली तरी तुकडे पडतायत. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या स्लॅबसारखंच.

खुरपी

चार दिवसांनी येतोय, माफ करा. बरंच घडलं.

काकांना सरळ सगळं वाचून दाखवलं, सुमनमावशींचा प्रतिसादसुद्धा. काका म्हणाले, "लपून कशाला करता, मलाही पाहायचं आहे." अट एकच: फोडायचा नाही आणि पाणी नको (गारगोटींचं गंजाचं त्यांना पटलं).

पाण्याशिवाय आकारमान कसं मोजायचं? लेकीने काकूच्या डब्यातला राजगिरा घेतला. औषधाच्या दुकानातून मापाचा मोठा प्लास्टिकचा पेला आणला, दगड ठेवून राजगिऱ्याने भरला, मग दगड काढून किती कमी पडतं ते मोजलं. तीन वेळा. २१५, २२५ आणि २२० मिलिलिटर. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर ६४० ग्रॅम.

भूगर्भीय

६४० भागिले २२० म्हणजे २.९१. राजगिरा हलवून बसवला होता ना? पोरीला माझ्यातर्फे शाबासकी. काटोलचा असता तर १९० च्या आसपास भरला असता.

खालची बाजू पाहिलीत का, जिथे शेंदूर नाही?

खुरपी

पाहिली. काकांनीच चष्मा लावून पाहिलं. बारीक बारीक पांढरे ठिपके आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही गोल, काही लांबट. नखाने खरवडले तर किंचित भुगा निघतो. करपलेली साल कुठेच दिसत नाही. एका कडेला जुना टवका आहे, तिथेही आत काळाच.

भूगर्भीय

मग संपलं. लाव्हा थंड होताना राहिलेले बुडबुडे आणि त्यात नंतर भरलेली झिओलाइटसारखी पांढरी खनिजं. शुद्ध दख्खनी बेसॉल्ट, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. गुळगुळीत आहे म्हणजे कधीतरी नाल्यातून घरंगळलेला. नांगराने वर आला असेल.

वऱ्हाडी ठेचा

अरेरे. पार्टी गेली.

सुमनमावशी

काका काय म्हणाले?

खुरपी

मलाही तीच धाकधूक होती मावशी. काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा आपल्याच गावचा हाय. मले वाटे पाहुणा हाय, म्हणून इतकी वर्षं पुरण घालत होतो." आणि उचलून परत जागेवर ठेवला.

लेक मात्र नाराज आहे. आता सोमवारी नागपूरला जातोय, खरा काटोलचा तुकडा कुठे बघायला मिळतो का विचारायला. @भूगर्भीय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

घाटमाथा

अक्षयतृतीयेचं पुरण बंद का मग?

खुरपी

काकू म्हणते, पाहुण्याला घालत होतो तर घरच्याला का नको. चालू आहे.

अळूवडी

आणि राजगिऱ्याचं काय केलं?

खुरपी

लाडू. थोडा शेंदरी रंग आला, पण संपले.